भूगोलाच्या पदवीसाठी शैक्षणिक कर्ज : किती घ्यावे, हे कसे ठरवावे

भूगोल घेऊन बी.ए. किंवा बी.एस्सी. करण्यासाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला सहसा कर्ज काढावे लागत नाही. अनुदानित महाविद्यालयांतील शुल्क बहुतेक कुटुंबांना झेपणारे असते आणि गावाजवळच्या महाविद्यालयात शिकताना राहण्याचा खर्चही वेगळा होत नाही. कर्जाचा प्रश्न उभा राहतो तो पदवीनंतर : घर सोडून पुण्यात किंवा मुंबईत एम.ए., एम.एस्सी. करायचे ठरते, एखाद्या खासगी विद्यापीठातील जिओइन्फर्मॅटिक्सच्या (संगणकावर नकाशे आणि स्थानविषयक माहिती हाताळण्याच्या) अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, किंवा परदेशातील विद्यापीठाचे पत्र हाती येते, तेव्हा. हे मार्गदर्शन अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर कर्जाच्या कागदांवर सही करणाऱ्या पालकांसाठी आहे.

बहुतेक घरांत हा निर्णय दोन आकडे शेजारी ठेवून घेतला जातो : कर्ज इतके, आणि पुढे पगार इतका. भूगोलाच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते, कारण या विषयातील अडचण पगार किती यापेक्षा तो केव्हा सुरू होईल, ही आहे. कर्जाच्या पहिल्या हप्त्याची तारीख बँक करारात लिहून देते. शिक्षकभरतीची, सहायक प्राध्यापकाच्या जागेची किंवा सुदूर संवेदन (उपग्रह प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास) केंद्रातील प्रकल्पाच्या जाहिरातीची तारीख मात्र कोणीही लिहून देऊ शकत नाही. म्हणून कर्ज आणि कमाई यांची तुलना करताना रकमांइतकेच महिने मोजावे लागतात.

कर्जाचा खरा आकडा

बँकेचे मंजुरीपत्र ज्या रकमेचे असते, ती रक्कम म्हणजे तुमचे कर्ज नव्हे. हप्ते सुरू होतील त्या दिवशी खात्यावर जी बाकी असेल, ती खरी रक्कम. सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँका अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे १ वर्ष हप्ता मागत नाहीत. या सवलतीच्या काळाला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. या काळात हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेले नसते. ते सरळव्याजाने साचत जाते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी ४ लाख रुपयांचे कर्ज घेतले, त्यापैकी २ लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि २ लाख दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मिळाले, आणि व्याजदर १० टक्के आहे, असे समजू. पहिल्या २ लाखांवर तीन वर्षांचे व्याज ६० हजार होते, दुसऱ्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी तुम्ही ५ लाखांचे देणेकरी असता. हे ५ लाख १० वर्षांत फेडायचे ठरवले तर मासिक हप्ता सुमारे ६,६१० रुपये येतो आणि एकूण सुमारे ७ लाख ९३ हजार रुपये भरले जातात. मुदत ७ वर्षे घेतली तर हप्ता ८,३०० रुपये होतो आणि एकूण भरणा ६ लाख ९७ हजारांवर येतो. १५ वर्षे घेतली तर हप्ता ५,३७० रुपयांपर्यंत उतरतो, पण एकूण भरणा ९ लाख ६७ हजारांवर जातो.

हप्ता कमी दिसतो म्हणून सर्वांत लांब मुदत निवडणे महाग पडते, हे या आकड्यांवरून दिसते. तरीही भूगोलाच्या विद्यार्थ्याला मी लांब मुदतच घ्यायला सांगेन, आणि हातात पैसा आला की मुदतीआधी जास्तीची रक्कम भरायला सांगेन. व्यक्तीने बदलत्या व्याजदराने घेतलेल्या अशा कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला घेता येत नाही. त्यामुळे लांब मुदत ही पहिल्या दोन-तीन अनिश्चित वर्षांपुरती सोय ठरते, तिची पूर्ण किंमत मोजण्याचे बंधन तुमच्यावर राहत नाही.

शिकत असतानाच दर महिन्याचे व्याज भरता आले, तर वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,६७० आणि पुढे ३,३३० रुपये भरावे लागतात. त्या बदल्यात हप्ता ५ लाखांऐवजी ४ लाखांवर बसतो, म्हणजे ५,२९० रुपये होतो, आणि दहा वर्षांच्या हिशेबात एकूण ५८ हजारांहून अधिक रुपये वाचतात. असे व्याज नियमित भरणाऱ्याला काही बँका त्या काळापुरती दरात १ टक्क्याची सूटही देतात. अर्ज करतानाच ते विचारून घ्यावे.

व्याजदर स्थिर राहील असेही धरू नये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याच्याशी जोडलेली कर्जे त्याबरोबर महागली. पुढे २०२५ मध्ये तो पुन्हा खाली आला. म्हणून हिशेब करताना आजच्या दराने एकदा आणि दोन टक्के वाढीव दराने एकदा, असे दोनदा आकडे काढावेत. आपल्या उदाहरणात हप्ते सुरू होताना दर १२ टक्के झाला तर दहा वर्षांचा हप्ता ६,६१० वरून ७,१७० रुपयांवर जातो.

कमाईचा आकडा : सरासरी नको, तळाचा हवा

संस्थेच्या माहितीपत्रकात छापलेला सर्वाधिक पगार या हिशेबात घेऊ नये, आणि सरासरीही घेऊ नये, कारण एखाद्याच्या मोठ्या पगाराने सरासरी फुगते. ज्या मार्गाने जाण्याचा तुमचा खरा विचार आहे, त्या मार्गावरील पहिल्या तीन वर्षांचा सर्वांत खालचा, पण नियमित मिळणारा पगार घ्यावा. भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन मार्ग असतात आणि त्यांचे हिशेब एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

पहिला मार्ग कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाचा. त्यासाठी एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर दोन वर्षांचे बी.एड. करावे लागते, मग शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि शिक्षकभरतीच्या शासकीय पवित्र पोर्टलवरून निवड. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिक स्तरावर १६ हजार, माध्यमिक स्तरावर १८ हजार आणि उच्च माध्यमिक स्तरावर २० हजार रुपये आहे. म्हणजे सर्व काही जुळून आले तरी पहिली तीन वर्षे महिन्याला २० हजारच धरायचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. ही चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. २०१८ साली बी.एड. पूर्ण करणाऱ्याला पुढच्या चाचणीसाठी सुमारे पाच वर्षे थांबावे लागले. त्याने एम.ए.साठी कर्ज घेतले असेल, तर त्याचे हप्ते चाचणीच्या कितीतरी आधी सुरू झाले असणार. या मार्गाने जायचे असेल तर मोरॅटोरियमची मुदत बी.एड.च्या काळात वाढवून मिळेल का, हे बँकेकडून आधीच लेखी घ्यावे. उच्च शिक्षण पुढे चालू असल्यास बँका असा विचार करतात, पण तो आपोआप होत नाही.

दुसरा मार्ग वरिष्ठ महाविद्यालय आणि संशोधनाचा. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन सहायक प्राध्यापक झाल्यास मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७ हजार रुपये व घरभाडे भत्ता मिळतो. हे आकडे आकर्षक आहेत, आणि कर्जाची परतफेड बहुतेकदा याच आकड्यांवर विसंबून कागदावर मांडली जाते. प्रत्यक्षात नेट-सेट झालेले अनेक तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत असतात. तिथे मानधन घेतलेल्या तासांवर मिळते, सुट्टीच्या महिन्यांत मिळत नाही, आणि अनेकदा सत्र संपल्यावर एकरकमी मिळते. बँकेचा हप्ता मात्र मे महिन्यातही कापला जातो. ज्यांना हा मार्ग हवा आहे त्यांनी तो अवश्य निवडावा, माझ्या मते भूगोलाला अशा माणसांची नितांत गरज आहे. मात्र कर्जाचा हिशेब अधिछात्रवृत्तीवर किंवा कायम नोकरीवर नव्हे, तर तासिकेच्या मानधनावर करावा आणि वर्षाचे महिने आठ किंवा नऊच धरावेत.

तिसरा मार्ग जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे संगणकावर माहिती नकाशाशी जोडण्याचे काम) आणि सुदूर संवेदनाचा. इथे काम आहे आणि ते वाढत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीवरील निर्बंध सैल केले, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले, गावठाणांचे ड्रोन सर्वेक्षण करणारी स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे आणि शहरी जमिनींच्या मोजणीसाठी नक्शा हा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. या सर्वांसाठी नकाशे करणारे, उपग्रह प्रतिमा वाचणारे आणि आकडेवारी नकाशावर बसवणारे लोक लागतात. पण या कामाचा मोठा भाग कंत्राटी असतो. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या शासकीय संस्थांतही अनेक जागा प्रकल्पापुरत्या असतात, आणि खासगी कंपन्यांतील सुरुवातीचे काम प्रतिमेवरून रस्ते, इमारती, शेतांच्या सीमा गिरवण्याचे असते, ज्याला पगार बेताचाच मिळतो. प्रोग्रॅमिंग येणाऱ्याची वाट इथून वेगळी होते. पायथॉन, डेटाबेस आणि गूगल अर्थ इंजिन (उपग्रह प्रतिमांच्या विश्लेषणाचे ऑनलाइन साधन) यांवर हात बसलेला उमेदवार आणि केवळ सॉफ्टवेअरची बटणे माहीत असलेला उमेदवार यांच्या हातांत एकच पदवी असली, तरी त्यांची कमाई सारखी राहत नाही.

या मार्गावरचा तळाचा आकडा कोणत्याही लेखातून घेऊ नये. ज्या विभागात प्रवेश घ्यायचा आहे तिथे जाऊन तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या तुकडीची चौकशी करावी : किती जण होते, आज किती जण भूगोलाशी संबंधित काम करत आहेत, पहिली नोकरी मिळायला किती महिने लागले, ती कंत्राटी होती की कायम, आणि दरमहा खात्यात किती जमा होत होते. यंदाच्या तुकडीविषयी विचारून उपयोग नाही, कारण तिचे चित्र अजून स्थिरावलेले नसते. पगाराचे उत्तर वार्षिक पॅकेजमध्ये मिळाले तर पुन्हा विचारावे; वर्षाला ३ लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला २५ हजार नव्हेत, भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही हिस्से आणि ग्रॅच्युइटी त्यातून वजा झाल्यावर हातात साधारण २१ ते २२ हजार येतात. जो विभाग ही माहिती मोकळेपणाने देतो त्याच्याविषयी विश्वास ठेवायला जागा आहे. जो टाळाटाळ करतो, तिथे मोठे कर्ज घेऊन जाऊ नये.

पगाराकडून कर्जाकडे

आता हिशेब उलट दिशेने करावा. किती कर्ज मिळते, हे आधी पाहू नये. किती हप्ता झेपेल, हे आधी ठरवावे. घरापासून दूर, शहरात खोली घेऊन राहणाऱ्या नवख्या नोकरदाराला हातात येणाऱ्या पगाराच्या एक पंचमांशाहून अधिक हप्ता पेलत नाही, असे माझे मत आहे. घरीच राहून नोकरी करता येणार असेल तर एक चतुर्थांशापर्यंत जाता येईल.

१० टक्के दर आणि १० वर्षांची मुदत धरली तर दर १ लाखाला सुमारे १,३२२ रुपये हप्ता येतो, एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरते. शिक्षणसेवकाच्या २० हजारांचा पाचवा हिस्सा ४ हजार. त्याला १,३२२ ने भागले की ३ लाख ३ हजार मिळतात. ही झाली हप्ते सुरू होण्याच्या दिवशीची बाकी. आपल्या उदाहरणात ४ लाखांचे ५ लाख झाले होते, म्हणून या रकमेचा चार पंचमांश घ्यायचा : सुमारे २ लाख ४० हजार. शिक्षक होण्याच्या मार्गावरील विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी घ्यावयाच्या कर्जाची ही मर्यादा. हातात २५ हजार देणाऱ्या जीआयएसच्या नोकरीसाठी हीच मर्यादा ३ लाखांच्या आसपास येते.

केंद्राच्या पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, आणि म्हणून अनेक घरांत साडेसात लाख हाच नैसर्गिक आकडा मानला जातो. वरच्याच अटींवर साडेसात लाखांची बाकी हप्त्यांच्या सुरुवातीला सुमारे ९ लाख ३७ हजार होते आणि हप्ता १२,३९० रुपयांचा बसतो. २० हजारांच्या मानधनातून तो भरला तर जेवण, खोली आणि प्रवास मिळून साडेसात हजार उरतात. तारण लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आई-वडिलांच्या पतनोंदीवर थकबाकीची खूण तुमच्याइतकीच उमटते, आणि पुढे त्यांना पीककर्ज किंवा धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी कर्ज घेताना तीच आडवी येते.

मर्यादा ठरली आणि खर्च तिच्याबाहेर जातो असे दिसले, तर पहिली काटछाट शुल्कात करावी. विद्यापीठाच्या स्वतःच्या भूगोल विभागातील शुल्क आणि खासगी संस्थेतील शुल्क यांत मोठा फरक असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांचे विभाग जुने आहेत आणि त्यांचे माजी विद्यार्थी सर्वत्र पसरलेले आहेत. महागडी संस्था निवडण्याचे एकच पटणारे कारण असू शकते : तिच्या तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीची वर सांगितलेली माहिती खरोखर उजवी असणे.

पदवीने कमाईत किती भर पडते

हप्ता झेपतो, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. एम.एस्सी. केले नसते तर तुम्ही काय कमावले असते, हेही विचारायला हवे. भूगोलात बी.एस्सी. झालेल्या, नकाशे करण्याचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर नीट शिकलेल्या मुलीला लगेच १५ हजारांचे काम मिळू शकते आणि एम.एस्सी.नंतर २५ हजारांचे मिळेल, असे समजू. महिन्याचा फरक १० हजार. त्यासाठीची किंमत म्हणजे कर्जाचा एकूण भरणा ७ लाख ९३ हजार, आणि शिकण्याच्या दोन वर्षांत न मिळालेला पगार ३ लाख ६० हजार : मिळून ११ लाख ५३ हजार. फरक तेवढाच राहिला तर ही किंमत भरून यायला सुमारे साडेनऊ वर्षे लागतात. कर्ज निम्मे, म्हणजे २ लाखांचे घेतले तर सव्वासहा वर्षांत भरून येते. फरक ५ हजारांचाच असेल तर ४ लाखांच्या कर्जासाठी एकोणीस वर्षे लागतील, आणि मग ती पदवी कमाईच्या कारणाने घेऊ नये. या हिशेबात एक सुधारणा करणे न्याय्य आहे : कर्जातील जो भाग जेवणाखाण्यावर खर्च होतो, तेवढा खर्च शहरात नोकरी करतानाही झालाच असता, म्हणून तो किमतीतून वजा करावा.

हा हिशेब नुसत्या अंदाजांवर करण्यापेक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षातच त्याची चाचणी घेता येते. क्यूजीआयएस विनामूल्य आहे, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रह प्रतिमा पाहता येतात, आणि डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते. आपल्या तालुक्यातील विहिरी, पाझर तलाव, पीकपद्धती किंवा पूररेषा यांचे तीन-चार नेटके नकाशे तयार करून त्यांच्या बळावर नोकरीसाठी अर्ज करून पाहावेत. जी उत्तरे येतील त्यांतून तुमच्यात नेमके काय कमी पडते ते समजेल. कमी पडत असेल ती पदवी, तर कर्जाला आधार मिळतो. कमी पडत असेल प्रोग्रॅमिंग, तर ते ४ लाख न घेताही शिकता येते. या मार्गाने पदवीनंतर एक-दोन वर्षे नोकरी करून, थोडे पैसे साठवून मग एम.एस्सी.ला जाणारा विद्यार्थी कर्जही कमी घेतो आणि शिकताना काय विचारायचे हेही त्याला ठाऊक असते.

सवलती कोणत्या लागू होतात, कोणत्या नाहीत

शैक्षणिक कर्जावरील व्याज-अनुदानाच्या योजना ऐकून भूगोलाचे विद्यार्थी अनेकदा चुकीची आशा बाळगतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास मोरॅटोरियममधील पूर्ण व्याज भरणारी केंद्राची योजना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साधे एम.ए. भूगोल तिच्यात बसत नाही. मुलींसाठी राज्याने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेली पूर्ण शुल्कमाफीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र विषयापेक्षा संस्थेवर चालते. निवडक गुणवत्तापूर्ण संस्थांतील विद्यार्थ्यांना तिच्यात तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के व्याज-सवलत मिळू शकते. आपल्या उदाहरणात यामुळे १ लाखाचे व्याज ७० हजारांवर येते. मात्र ही सवलत वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरती आहे आणि तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना तीत अग्रक्रम आहे, म्हणून ती मिळेलच असे धरून कर्जाचा आकडा वाढवू नये. यादीत संस्थेचे नाव नेमके तपासावे. विद्यापीठ यादीत आहे म्हणून त्याचे संलग्न महाविद्यालयही असेलच असे नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज कर्जाच्या अर्जाआधी करावा. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळतात, आणि त्यांतून शुल्काचा जेवढा भाग सुटेल तेवढा कर्जातून वगळावा. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, हे खरे आहे. तेवढ्या काळापुरती सोय करावी लागली तरी पूर्ण शुल्काचे कर्ज दहा वर्षांसाठी अंगावर घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत मिळणारी आयकर वजावट जुन्या करपद्धतीतच आहे, आणि सुरुवातीच्या पगारावर कर लागतच नसल्याने तिचा विचार सोडून दिला तरी चालेल.

परदेशी पदवीचा हिशेब

परदेशातील जीआयएसच्या एक वर्षाच्या पदवीसाठी ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले आणि दोन वर्षे हप्ता नाही, असे समजू. हप्ते सुरू होताना बाकी ३६ लाख ६० हजार असते. दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५०,४०० रुपये, पंधरा वर्षांचा ४१,६०० रुपये. भारतात परतून मिळणाऱ्या सुरुवातीच्या पगाराहून हा हप्ताच मोठा आहे. म्हणजे हे कर्ज फक्त तिथेच नोकरी मिळाली तर फिटू शकते, आणि मग प्रश्न भूगोलाचा उरत नाही, व्हिसाचा होतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर काम शोधण्यासाठी मिळणारा दोन वर्षांचा काळ १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर येणार आहे, आणि त्यापुढे थांबण्यासाठीच्या कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवोदितांसाठी ती कमी असली तरी कनिष्ठ जीआयएस पदांचे पगार तिथवर पोहोचणे अवघड जाते. अमेरिकेत पदवीच्या वर्गीकरणावर पुष्कळ अवलंबून असते : भूगोल व पर्यावरण अभ्यास हा वर्ग जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान यादीत आला आणि त्या यादीतील पदवीधरांना कामासाठी १२ महिन्यांखेरीज आणखी २४ महिने मिळतात, तर नुसत्या भूगोलाच्या पदवीला ती वाढ मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला पत्र लिहून अभ्यासक्रमाचा वर्गक्रमांक विचारून घ्यावा.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तिथे इंग्रजीतून पदवी मिळाली तरी नगरपालिकांच्या आणि भूमी अभिलेखांच्या कामासाठी जर्मन भाषा लागते, आणि ती शिकण्याचे वर्ष आपल्या हिशेबात धरावे. केवळ सुदूर संवेदन शिकण्यासाठी परदेशी जायचा विचार असेल, तर डेहराडूनची संस्था आणि मुंबई आयआयटीचे संसाधन अभियांत्रिकी अध्ययन केंद्र यांची प्रवेशप्रक्रिया आधी पाहावी. डेहराडूनची संस्था १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या सहकार्यानेच उभी राहिली आहे.

कर्ज घेतल्यानंतर

मंजूर झालेली सगळी रक्कम उचलण्याचे बंधन नसते. दर सत्राला लागेल तेवढीच उचलावी. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. लॅपटॉपचा खर्च कर्जात धरता येतो आणि जीआयएससाठी तो चांगलाच घ्यावा लागतो, तेवढ्यापुरती काटकसर करू नये. पहिली नोकरी लागली की मोरॅटोरियम संपण्याची वाट न पाहता व्याज भरायला सुरुवात करावी, आणि सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत मुदतपूर्व परतफेड करू नये. ज्या घरात पैसा हंगामात एकदाच येतो, तिथे हे सहा हप्ते विशेष उपयोगी पडतात, कारण ऊस किंवा सोयाबीनचे बिल हप्त्याची तारीख पाहून येत नाही. कंत्राट संपून पुढचे मिळाले नाही तर हप्ता चुकण्याच्या आधीच शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. खाते तीन महिन्यांहून अधिक थकले की ते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि मग हीच मुदतवाढ मिळवणे फार कठीण होते.